ओटीटीवर कधी येणार? छप्पन दिवसांचं गणित

‘थांबा जरा, दोन महिन्यांत ओटीटीवर येईलच की!’ नवा सिनेमा लागला की आजकाल बहुतेक घरांत कुणीतरी हे वाक्य टाकतंच. चौघांची तिकिटं, पार्किंग, मध्यंतरातले पॉपकॉर्न असा हिशेब मनातल्या मनात झालेला असतो आणि मग सोफ्यावर बसून बघण्याचा बेत पक्का होतो. गंमत म्हणजे ‘दोन महिने’ हा अंदाज हिंदी सिनेमाच्या बाबतीत बऱ्याचदा अगदी दिवसासकट खरा ठरतो.

‘पठाण’ २५ जानेवारी २०२३ ला चित्रपटगृहांत लागला आणि २२ मार्चला प्राइम व्हिडिओवर आला. ‘जवान’ ७ सप्टेंबरला लागला, नेटफ्लिक्सवर आला २ नोव्हेंबरला. ‘ॲनिमल’ १ डिसेंबरला लागला, घरी पोहोचला २६ जानेवारीला. ‘छावा’ १४ फेब्रुवारी २०२५ ला लागला, ११ एप्रिलला नेटफ्लिक्सवर दिसला. बोटांवर दिवस मोजून पाहा. चारही वेळा बरोबर ५६ दिवस, म्हणजे आठ आठवडे. २ नोव्हेंबर हा शाहरुख खानचा वाढदिवस. त्यामुळे ‘जवान’ घरी आला तो चाहत्यांना वाढदिवसाची भेट म्हणून, असा गाजावाजा झाला. पण छप्पन्नावा दिवसही नेमका तोच होता!

हे आठ आठवडे कुठल्याही कायद्यात लिहिलेले नाहीत. सरकारनं ते ठरवलेले नाहीत, सेन्सॉर बोर्डाचा त्यांच्याशी संबंध नाही. मल्टिप्लेक्सच्या मोठ्या साखळ्या आणि निर्माते यांच्यातला तो समझोता आहे. तो पाळला नाही तर मल्टिप्लेक्स सिनेमा लावत नाहीत, एवढीच त्यामागची ताकद. सिनेमाच्या धंद्यात या मधल्या काळाला ‘विंडो’ म्हणतात आणि ही खिडकी किती वेळ बंद ठेवायची यावरून गेली काही वर्षं जोरदार ओढाताण चालू आहे.

तिकिटाचे पैसे कुणाच्या खिशात?

ओढाताण समजून घ्यायची तर आधी तिकिटाच्या पैशांची वाटणी समजून घ्यायला हवी. २००९ मध्ये याच वाटणीवरून निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांचं मोठं भांडण झालं. एप्रिलपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत मोठे नवे हिंदी सिनेमे मल्टिप्लेक्समध्ये लागलेच नाहीत. शेवटी तडजोड झाली ती अशी: कर वजा जाता उरलेल्या पैशांपैकी पहिल्या आठवड्यात ५० टक्के निर्माता-वितरकाचे, दुसऱ्या आठवड्यात ४२.५ टक्के, तिसऱ्यात ३७.५ टक्के आणि चौथ्यापासून पुढे ३० टक्के.

हे आकडे नीट पाहिले की दोघांचे स्वभाव कळतात. निर्मात्याची खरी कमाई पहिल्या दहा-बारा दिवसांत होते. त्यानंतर त्याचा वाटा घटत जातो आणि डोळे लागतात ते पुढच्या विक्रीकडे. चित्रपटगृहवाल्याचं उलटं आहे. सिनेमा जितका जुना होत जातो तितका प्रत्येक तिकिटातला त्याचा वाटा वाढतो. शिवाय पॉपकॉर्नचे पैसे सगळे त्याचेच. चौथ्या-पाचव्या आठवड्यात शंभर माणसं आली तरी त्याला ती हवी असतात. नेमकी तीच माणसं ‘आता काय, येईलच घरी’ म्हणून थांबली तर त्याचं पोट मारलं जातं.

निर्मात्याकडे दुसरं गिऱ्हाईक असतं ते ओटीटी कंपनीचं. मोठ्या नटाचा सिनेमा असेल तर डिजिटल हक्कांचा सौदा अनेकदा चित्रीकरण संपण्याआधीच होतो आणि त्यातून सिनेमाच्या खर्चाचा मोठा भाग सुटतो. ओटीटी कंपनीला साहजिकच सिनेमा ताजा असताना हवा असतो. लोक त्याबद्दल बोलत आहेत, गाणी वाजत आहेत, तेवढ्यात तो आपल्या ॲपवर आला तर नवे वर्गणीदार मिळतात. सहा महिन्यांनी आला तर तो नुसता यादीतला आणखी एक सिनेमा. म्हणून लवकर देणाऱ्याला जास्त पैसे, उशिरा देणाऱ्याला कमी.

एकाला सिनेमा जास्तीत जास्त दिवस एकट्याकडे हवा, दुसऱ्याला लवकरात लवकर हवा, आणि निर्मात्याला दोघांचेही पैसे हवेत. छप्पन्न दिवस म्हणजे या तिघांनी एकमेकांकडे रागानं बघत मान्य केलेला मधला आकडा.

कॅसेटच्या काळापासून

हा झगडा ओटीटीनं आणला असं वाटतं खरं, पण तो त्याहून बराच जुना आहे. ऐंशीच्या दशकात व्हीसीआर भाड्यानं आणून, शेजाऱ्यांनी वर्गणी काढून एका रात्रीत तीन-तीन सिनेमे पाहिल्याचं आपल्या घरातल्या मोठ्यांना आठवत असेल. त्यानंतर केबलवाला आला आणि चित्रपटगृहांतून कुटुंबं हळूहळू कमी झाली.

१९९४ मध्ये राजश्रीनं ‘हम आपके हैं कौन’ काढला तेव्हा त्यांनी सरळ खिडकी बंद ठेवली. सिनेमाची व्हिडिओ कॅसेट बराच काळ बाजारात आणलीच नाही. माधुरी दीक्षित, रीमा लागू, रेणुका शहाणे, लक्ष्मीकांत बेर्डे यांना बघायचं तर चित्रपटगृहात जाण्याशिवाय इलाज नव्हता. मुंबईच्या लिबर्टीत हा सिनेमा शंभरहून जास्त आठवडे चालला. घरात बघायला मिळत नाही म्हटल्यावर आजीपासून नातवापर्यंत सगळे नटूनथटून सिनेमाला निघाले.

उलटा प्रयोग २०१३ मध्ये कमल हासन यांनी करून पाहिला. ‘विश्वरूपम’ चित्रपटगृहांत लागण्याच्या आदल्या रात्री डीटीएचवर दाखवायचा, किंमत हजार रुपये. चित्रपटगृहांचे मालक इतके भडकले की बेत गुंडाळावा लागला. पुढे याच कमल हासन यांनी ‘ठग लाईफ’च्या वेळी, २०२५ मध्ये, आपण आठ आठवडे थांबणार असं अभिमानानं जाहीर केलं होतं. ५ जूनला सिनेमा लागला, पडला, आणि ३ जुलैला, म्हणजे चारच आठवड्यांत, नेटफ्लिक्सवर हजर झाला.

आमिर खानचीही अशीच गंमत. आपला सिनेमा सहा महिन्यांआधी घरी दिसणार नाही असं त्यानं ‘लाल सिंग चढ्ढा’च्या वेळी सांगितलं होतं. ११ ऑगस्ट २०२२ ला लागलेला तो सिनेमा ६ ऑक्टोबरला नेटफ्लिक्सवर आला. मोजा पुन्हा, छप्पन्नच. सिनेमा चालला तर निर्माता तत्त्वाला धरून राहतो, पडला की दिवस मोजू लागतो. त्यात वावगं काही नाही, पण तारखेच्या घोषणा ऐकताना एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

करोनानं हे सगळं एकदम उलटंपालटं केलं. अमिताभ बच्चन आणि आयुष्मान खुराना यांचा ‘गुलाबो सिताबो’ १२ जून २०२० ला थेट प्राइम व्हिडिओवर आला, तेव्हा आयनॉक्सनं जाहीर पत्रक काढून नाराजी व्यक्त केली. दुसरीकडे ‘सूर्यवंशी’ दीड वर्षाहून जास्त काळ डब्यात थांबला आणि २०२१ च्या दिवाळीत, ५ नोव्हेंबरला, चित्रपटगृहांतच लागला. मात्र या काळात खिडकी चार आठवड्यांवर आली होती, त्यामुळे ३ डिसेंबरला तो नेटफ्लिक्सवर होता. पुढच्या महिन्यात लागलेल्या ‘पुष्पा’नं तर सगळ्यांनाच चकित केलं. सिनेमाची हिंदी आवृत्ती १४ जानेवारी २०२२ ला प्राइमवर आली, तरी लोक चित्रपटगृहांत येतच राहिले आणि हिंदीतली कमाई शंभर कोटींपलीकडे गेली. घरी आला की धंदा संपतो, हा नियम प्रत्येक सिनेमाला लागू नाही हे तेव्हा दिसलं. तरीही १ ऑगस्ट २०२२ पासून हिंदी सिनेमासाठी मल्टिप्लेक्सनी पुन्हा आठ आठवडे लागू केले. ‘पुष्पा’च्याच दुसऱ्या भागाच्या वेळी, ओटीटीवर लवकर येणार अशा अफवा उठल्यावर निर्मात्यांना खुलासा करावा लागला की ५६ दिवसांआधी हा सिनेमा कुठेही दिसणार नाही. ५ डिसेंबर २०२४ ला लागला, ३० जानेवारीला आला.

एकच सिनेमा, दोन तारखा

तुम्ही बेंगळुरू, हैदराबाद किंवा चेन्नईत राहत असाल तर एक गोष्ट नक्की खटकली असेल. तोच सिनेमा तमिळ, तेलुगू किंवा कन्नडमध्ये आधी ओटीटीवर येतो आणि हिंदी आवृत्तीसाठी आणखी महिनाभर थांबावं लागतं. आठ आठवड्यांचा आग्रह मल्टिप्लेक्स साखळ्या हिंदीसाठी धरतात. दक्षिणेत बऱ्याच सिनेमांना चार आठवडेच असतात, कारण तिथे एकपडदा चित्रपटगृहं अजून जोरात आहेत आणि सिनेमाची बहुतेक कमाई पहिल्या पंधरवड्यातच उरकते.

‘कांतारा’चा २०२५ मधला भाग हे याचं अगदी सोपं उदाहरण. २ ऑक्टोबरला सगळ्या भाषांत एकत्र लागला. प्राइमवर दक्षिणी भाषांत ३१ ऑक्टोबरला आला आणि हिंदीत २७ नोव्हेंबरला, म्हणजे छप्पन्नाव्या दिवशी. दक्षिणेतल्या निर्मात्यानं हिंदीसाठीही थांबायला नकार दिला तर काय होतं ते विजयच्या ‘लिओ’ला २०२३ मध्ये कळलं. मोठ्या साखळ्यांनी त्याची हिंदी आवृत्ती लावलीच नाही.

केरळातल्या मालकांनी वेगळा मार्ग धरला. २०१८ च्या महापुरावरचा ‘२०१८’ हा सिनेमा ५ मे २०२३ ला लागला. चित्रपटगृहं भरून वाहत असतानाच ७ जूनला तो सोनी लिव्हवर येणार असं कळलं. तेव्हा तिथल्या चित्रपटगृहांनी दोन दिवस पडदे बंद ठेवून निषेध केला. त्यांची मागणी ४२ दिवसांची होती. प्रेक्षक रांगेत उभा असताना माल घरपोच देऊ नका, एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि मला ते रास्त वाटतं.

बाहेरच्या देशांत काय चालतं? अमेरिकेत करोनाच्या काळात वॉर्नरनं २०२१ चे आपले सगळे सिनेमे एकाच दिवशी चित्रपटगृहात आणि ओटीटीवर आणायचं ठरवलं. दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन इतके चिडले की ‘ओपनहायमर’ त्यांनी युनिव्हर्सलकडे नेला. तिथे प्रेक्षकांना घरी पैसे भरून बघण्यासाठीही चार महिने थांबावं लागलं. फ्रान्समध्ये तर ही खिडकी सरकारमान्य करारानंच ठरते. तिथे नेटफ्लिक्सला नव्या सिनेमासाठी १५ महिने थांबावं लागतं, डिस्नेला ९ महिने. फ्रेंच सिनेमांत जो जास्त पैसे घालेल त्याला कमी थांबावं लागेल, असा तिथला हिशेब आहे.

मुंबईच्या कोर्टात

आपल्याकडे कायदा नाही हे खरं, पण कागदावरचा करार असतोच आणि तो किती घट्ट असतो हे मे २०२५ मध्ये दिसलं. राजकुमार राव आणि वामिका गब्बी यांचा ‘भूल चूक माफ’ ९ मे रोजी लागणार होता. आगाऊ तिकीटविक्री चालू होती. भारत-पाकिस्तान तणावाचे ते दिवस. आदल्या दिवशी निर्माते मॅडॉक फिल्म्सनी जाहीर केलं की सिनेमा चित्रपटगृहांत येणार नाही, १६ मे रोजी थेट प्राइम व्हिडिओवर येईल. पीव्हीआर आयनॉक्सनं मुंबई उच्च न्यायालय गाठलं. करारात आठ आठवड्यांची अट होती. न्यायालयानं ओटीटीवरचं प्रदर्शन थांबवलं. मग दोन्ही बाजूंनी तडजोड केली. २३ मे रोजी सिनेमा चित्रपटगृहांत लागला आणि ६ जूनला ओटीटीवर आला.

म्हणजे आठ आठवड्यांसाठी कोर्टात गेलेले दोन आठवड्यांवर राजी झाले! यात कोण हरलं आणि कोण जिंकलं ते सांगणं कठीण आहे. पण मल्टिप्लेक्सच्या दृष्टीनं पहिला पडदा आपला, हे मान्य होणं जास्त महत्त्वाचं होतं.

या सगळ्यात ओटीटी कंपन्यांचा हातही आता पूर्वीसारखा सैल राहिलेला नाही. करोनाच्या काळात सिनेमे मिळवण्यासाठी त्यांनी मोठ्या रकमा मोजल्या. गेल्या काही वर्षांत त्यांनी हात आखडता घेतला आहे आणि बऱ्याच सौद्यांत अशी अट असते की तिकीटबारीवर किती कमाई झाली त्यावर आमची किंमत ठरेल. म्हणजे ‘घरी येईलच’ म्हणून आपण ज्याची वाट बघतो, त्या सिनेमाची घरची किंमतही पहिल्या आठवड्यात तिकीट काढणाऱ्यांवरच अवलंबून असते. सगळेच थांबले तर मोठ्या नटाचा सिनेमा कसाबसा तरतो. मधल्या आणि छोट्या सिनेमाला मात्र घरचा पडदाही मिळेल याची खात्री नसते.

मराठी सिनेमाची खिडकी

मराठी सिनेमाचं दुखणं इथेच आहे. मोठ्या ओटीटी कंपन्यांनी मराठीत तुलनेनं फारच थोडी खरेदी केली. २०२१ मध्ये ‘पिकासो’ थेट प्राइमवर आला, चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ नेटफ्लिक्सवरून जगभर गेला, तेव्हा आता दारं उघडली असं वाटलं होतं. तसं फारसं झालं नाही. चित्रपटगृहांत गाजलेला सिनेमा विकला जातो, बाकीच्यांना वाहिन्यांचं दार ठोठावावं लागतं आणि काही सिनेमे तर कुठेच दिसत नाहीत. चित्रपटगृहातून उतरले की गायबच.

त्यामुळे मराठीत छप्पन्न दिवसांचा पाढा चालत नाही. रितेश देशमुखचा ‘वेड’ ३० डिसेंबर २०२२ ला लागला आणि हॉटस्टारवर आला २८ एप्रिल २०२३ ला, तब्बल सतरा आठवड्यांनी. सिनेमा चालत होता, मग घाई कशाला? ‘बाईपण भारी देवा’ ३० जून २०२३ ला लागला तेव्हा तर पहिल्या आठवड्यापेक्षा पुढच्या आठवड्यांत बायकांचे जथे वाढत गेले. भिशीच्या मैत्रिणी, सासू-सुना, एकाच रंगाच्या साड्या नेसलेले सोसायटीतले गट! एकीनं दुसरीला सांगायचं आणि तिनं पुढच्या रविवारी आपल्या गटाला घेऊन जायचं, याला वेळ लागतो. चार आठवड्यांनी घरी येतोय असं आधीच ठाऊक असतं तर यातले किती गट निघाले असते, शंकाच आहे.

वाईट हे की एवढा वेळ बहुतेक मराठी सिनेमांना मिळतच नाही. सकाळी अकराचा किंवा दुपारी तीनचा एखादा खेळ, तोही मोठा हिंदी सिनेमा आला की पुढच्या शुक्रवारी उतरतो. अशा सिनेमाची खरी खिडकी सात दिवसांची असते. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांना तर तीही नाही. इंदूरमध्ये किंवा बडोद्यात राहणारं मराठी कुटुंब ‘थांबू या’ असं ठरवत नाही, त्याला थांबावंच लागतं. ओटीटी ही त्यांच्यासाठी आळसाची सोय नाही, बऱ्याचदा तेच एकमेव चित्रपटगृह असतं. त्यांनी घरी बघितलं म्हणून कुणी त्यांना दोष देऊ नये.

तिकिटाचा दर हा प्रश्न मात्र राहतोच. २३ सप्टेंबर २०२२ ला राष्ट्रीय सिनेमा दिनानिमित्त देशभर ७५ रुपयांत तिकीट मिळालं, तेव्हा मल्टिप्लेक्सच्या संघटनेच्या सांगण्यानुसार एका दिवसात ६५ लाख लोक आले. शुक्रवार होता, सुट्टीही नव्हती. म्हणजे लोकांना सोफा फार प्रिय आहे असं नाही. पुढे आमिर खाननं ‘सितारे जमीन पर’ ओटीटी कंपनीला न देता १ ऑगस्ट २०२५ पासून यूट्यूबवर शंभर रुपयांत ठेवला, चित्रपटगृहांत लागल्यावर बरोबर सहा आठवड्यांनी. एकदा शंभर रुपये भरा आणि सगळं घर बघा. हा मार्ग छोट्या निर्मात्यांना जमेल का, हे बघण्यासारखं आहे, कारण त्यात कुठल्या कंपनीच्या होकाराची वाट बघावी लागत नाही.

तुमच्या नेहमीच्या उपयोगाची एक-दोन गोष्टी सांगते. सिनेमा सुरू होताना पडद्यावर नावं झरझर जातात, त्यात ‘डिजिटल पार्टनर’ म्हणून ओटीटी कंपनीचं नाव बहुतेक वेळा असतं. ते दिसलं तर सौदा झालेला आहे आणि हिंदी सिनेमा असेल तर लागल्याच्या तारखेत आठ आठवडे मिळवा. ॲपवर आधी ‘भाड्यानं’ दिसलं तर घाई करू नका. ‘केजीएफ’चा दुसरा भाग १६ मे २०२२ पासून १९९ रुपये भाड्यानं मिळत होता आणि ३ जूनपासून तोच वर्गणीदारांना फुकट झाला. अठरा दिवसांचा फरक!

आणि महाराष्ट्राबाहेर राहत असाल तर मराठी सिनेमाच्या पहिल्याच आठवड्यात आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर विचारून ठेवा. पुरेशी माणसं आधी नावं देत असतील तर चित्रपटगृहवाले रविवारी सकाळचा एखादा खेळ लावायला तयार होतात. दुसऱ्या आठवड्यात विचारलंत तर पडद्यावर दुसरा सिनेमा लागलेला असतो.